लंडी बेटाची नोंदवही

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस ब्रिस्टल खाडीच्या मुखाशीं लंडी नांवाचें बेट आहे. लांबी अवघी पांच किलोमीटर. पफिन हा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी. जुन्या नॉर्स भाषेंतील त्याच्या नांवावरूनच बेटास हें नांव पडलें असें मानतात.

१९४६ सालीं प्रोफेसर हार्वे यांनीं बेटाचे मालक मार्टिन कोल्स हार्मन यांच्या साहाय्यानें ‘लंडी फील्ड सोसायटी’ स्थापिली. पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून त्यांस सोडावयाचें, जगांत अन्यत्र न उगवणाऱ्या लंडी कोबीची पाहणी करावयाची, जुन्या वस्त्यांचे अवशेष तपासावयाचे आणि हें सारें वार्षिक अहवालांत छापावयाचें, असें हें हौशी सभासदांचें काम.

या खटाटोपाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. १९३९ मध्यें लंडीवर पफिनांच्या सुमारें ३,५०० जोड्या मोजल्या होत्या. पुढें त्या घटत गेल्या. एका वर्षाची घट डोळ्यांस जाणवत नाहीं. मागील वही उघडली म्हणजेच ती दिसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोजकेच पक्षी उरले. पफिन बिळांत अंडीं घालतो, आणि जहाजांतून आलेल्या उंदरांनीं अंडीं व पिलें फस्त केलीं होतीं. २००२ ते २००४ या काळांत उंदरांचा नायनाट करण्यांत आला. २००६ सालीं बेट उंदीरमुक्त जाहीर झालें. २०२३ मध्यें तेराशेंहून अधिक पफिन मोजले गेले.

पूर्वीची संख्या कोणी लिहून ठेविली नसती, तर काय गमावलें आणि किती परत मिळालें, हें आज कोणासही सांगतां आलें नसतें.