धम्मचक्र घासताना : वक्र लाकडासाठी साधनांची निवड

कार्ल्याच्या महाचैत्यात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की मी त्यांना प्रथम वर पाहावयास सांगतो. छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे तेथे टिकून आहेत. याच लेण्यातील एका शिलालेखात धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी, याने दरवाजाचे काम केल्याची नोंद आहे. व्यापारी आणि भिक्षू यांच्या दानलेखांबरोबर एक सुतारही तेथे स्वतःच्या नावानिशी उभा आहे.

गेल्या वर्षी आपल्या नववीच्या मुलामुलींनी वंदना सभागृहासाठी सागवानाचे आठ आऱ्यांचे धम्मचक्र केले. कापणी उत्तम झाली; चूक झाली ती घासताना, आणि ती माझी होती. वेळ वाचावा म्हणून मी सपाट तळाचे विजेवरील सँडिंग मशीन वापरू दिले. काही मिनिटांतच आऱ्यांच्या गोलाईवर चपटे पट्टे उमटले. कारण सरळ आहे. सपाट तळ गोल पृष्ठभागाला एका अरुंद पट्टीतच टेकतो, सारा दाब तेथे एकवटतो आणि तेवढेच लाकूड झिजते. तेव्हापासून कार्यशाळेत आमचा नियम ठरला : आधी आकार बोटांनी चाचपावा, मग साधन निवडावे.

बाहेर फुगलेल्या, म्हणजे बहिर्वक्र भागासाठी पॉलिश पेपरमागे मऊ आधार हवा. स्पंजचा तुकडा किंवा जाड कापडाची घडी पुरते. ती गोलाईबरोबर वाकते आणि दाब वाटून देते. आऱ्यांसारख्या गोल दांड्यांना कापडी पाठीच्या पेपरची लांब पट्टी वेढावी आणि ताक घुसळताना दोरी ओढतात तशी दोन्ही टोकांनी आलटून पालटून ओढावी. पट्टी एकाच जागी फिरवू नये, नाहीतर तेथे खाच पडते. शेवटचे हात मात्र लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच द्यावेत. आडवे ओरखडे पॉलिश चढवल्यावर उठून दिसतात.

आत वळलेल्या, अंतर्वक्र भागाला गोल आधार लागतो. पाइपच्या किंवा दांडक्याच्या तुकड्यावर पेपर गुंडाळावा. त्याची गोलाई लाकडाच्या वळणापेक्षा किंचित लहान असावी. मोठी असल्यास केवळ कडा घासल्या जातात. खडबडीतपणा जास्त असेल तर आधी अर्धगोल कानस चालवावी.

आरा आणि मधला तुंबा जेथे मिळतात, त्या बेचक्यात बोटही शिरत नाही. तेथे बांबूच्या कामटीचे टोक हवे तसे तासून त्यावर पेपर चिकटवावा. आमच्या मुलींनी अशा सहा निरनिराळ्या कामट्या तयार केल्या. कोणत्याही दुकानात त्या मिळाल्या नसत्या.

पेपरचा क्रमांक जितका मोठा, तितका तो बारीक. ८० पासून आरंभ करून १२०, १८० आणि २२० अशा पायऱ्या घ्याव्यात. पायरी गाळली तर आधीचे खोल ओरखडे राहून जातात. प्रत्येक पायरीपूर्वी पेन्सिलीने फिकट रेघा माराव्यात. जेथे रेघ उरली, तेथे हात पोहोचलेला नाही. १८० नंतर ओलसर फडके फिरवून लाकूड वाळू द्यावे, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात आणि २२० ने ते साफ होतात.

यंत्र त्याज्य नाही. मोठ्या, सौम्य वळणांवर तळाला फोमची गादी लावून ते हलक्या हाताने वापरता येते. परंतु धूळ हाताने घासतानाही उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना मानवाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केली आहे. म्हणून उघडी खिडकी, नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क आणि कोरड्या झाडूऐवजी ओले फडके या तीन गोष्टींत आम्ही सवलत देत नाही.

काही पालक विचारतात, "सर, पोरांना शिकायला पाठवलं, सुतारकामाला कशाला लावता?" या प्रश्नामागचे दुःख मी जाणतो. पिढ्यान्‌पिढ्या जे काम जन्माने लादले गेले, त्यापासून मुले दूर राहावीत असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु लादलेले काम वेगळे आणि समजून, निवडून शिकलेले कौशल्य वेगळे. जातीने पुस्तक एकाच्या हाती दिले आणि हत्यार दुसऱ्याच्या. आपल्या मुलांच्या हाती दोन्ही असावीत आणि त्यांतून निवड करण्याचा अधिकार त्यांचा असावा, एवढाच या तासिकेचा हेतू आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, सभागृहात याल तेव्हा त्या चक्रावरून जरूर हात फिरवा. एका आऱ्यावर किंचित चपटेपणा अजून लागतो. तो आम्ही मुद्दाम राहू दिला आहे. नव्या तुकडीचा पहिला धडा तेथूनच सुरू होतो.