लुटुपुटीचें विमान आणि खरें वार्धक्य

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, तो स्वतः साठीच्या अलीकडे होता कीं पलीकडे, हें समजण्यास आज मार्ग नाहीं. अलीकडे असेल, तर त्याची थट्टा कठोर ठरते; पलीकडे असेल, तर तीच थट्टा मोठी शहाणपणाची ठरते. दुसऱ्यानें आपल्या वयाला हंसणें आणि समवयस्कांत बसून आपणच आपल्या वयाला हंसणें, या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. हें अंतर नीट समजून घ्यावयाचें असेल, तर अस्मानांत नित्य संचार करणाऱ्या, पण त्यासाठीं खुर्ची सोडून कधीं न हलणाऱ्या एका छांदिष्ट मंडळीकडे पाहणें उद्बोधक होईल. ही मंडळी म्हणजे घरांत बसून संगणकावर विमान चालविणारे हौशी वैमानिक.

त्यांच्या हाताशीं असलेल्या साधनाला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. त्याला लुटुपुटीचें विमान म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र त्याची वंशावळ लुटुपुटीची नाहीं. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन या गांवीं एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो तयार करण्याचा कारखाना होता. भाते, झडपा आणि हवेचा दाब यांच्याशीं त्याचा तेथेंच परिचय झाला. उड्डाण शिकण्याचा खर्च त्याला जाचक वाटे. म्हणून १९२९ सालीं त्यानें वाद्यांतील भात्यांवर डुलणारें, पण जमिनीला खिळलेलें एक छोटें विमान तयार केलें. आरंभीं त्याला मागणी आली ती करमणुकीच्या बागांतून. पुढें १९३४ सालीं अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहण्याचें काम आलें आणि धुक्यांत व अंधारांत अनेक वैमानिक प्राणांस मुकले, तेव्हां सैन्यानें हीं यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत हजारों तरुणांनीं आपले पहिलेवहिले अपघात या पेटींत बसून केले आणि रात्रीं ते सुखरूप जेवावयास परतले. चूक करूनहि धडधाकट राहणें हा या साधनाचा मूळ गुण होय. पुढील सर्व विवेचन याच एका गुणाभोंवतीं फिरणारें आहे.

हें यंत्र घरांत आलें तें संगणकाच्या मार्गानें. इलिनॉय विद्यापीठांत ब्रूस आर्टविक यानें १९७५ सालीं संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचें दृश्य कसें दाखवितां येईल, याविषयीं प्रबंध लिहिला. त्याच्याच प्रयत्नांतून प्रथम ॲपल कंपनीच्या छोट्या संगणकासाठीं आणि १९८२ सालीं मायक्रोसॉफ्टच्या नांवानें आयबीएमच्या संगणकासाठीं हा खेळ बाजारांत आला. चार रेघा ओढल्या कीं धावपट्टी आणि दोन त्रिकोण काढले कीं पर्वत, असें त्या वेळचें दृश्य असे. शिकागो शहरालगत सरोवराच्या कांठीं मीग्ज फील्ड नांवाचें एक चिमुकलें विमानतळ होतें. पुढील अनेक आवृत्त्यांत खेळाडूचें विमान आरंभीं तेथेंच उभें असे. त्यामुळें ज्यांनीं शिकागो जन्मांत पाहिलें नाहीं, त्यांनाहि ती धावपट्टी आपल्या घराच्या अंगणाइतकी परिचित झाली.

ज्यानें १९८२ सालीं तिसाव्या वर्षीं हा छंद धरला, त्यानें २०२२ सालीं सत्तरी गांठली. या चाळीस वर्षांत यंत्र आणि माणूस यांची वाटचाल बरोबर उलट दिशांनीं झाली. २०२० सालीं फ्रान्समधील बोर्दो शहरांतील आसोबो या संस्थेनें सिद्ध केलेल्या आवृत्तींत आकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारें सारी पृथ्वी पडद्यावर उतरली. आपल्या गल्लीवरून उडत जाऊन आपलें छप्पर शोधतां येऊं लागलें. पण पडदा जसजसा स्वच्छ होत गेला, तसतशी पाहणाऱ्याची दृष्टि अंधुक होत गेली. पूर्वीं नजर तीक्ष्ण होती आणि पाहावयास रेघा होत्या. आतां सारी सृष्टि समोर आहे आणि चष्मा सांपडत नाहीं.

हा विनोद केवळ शब्दांचा नव्हे. त्याच्या मुळाशीं शरीराचें शास्त्र आहे. डोळ्यांतील भिंग लवचीक असतें म्हणून जवळचें आणि दूरचें दोन्ही आपणांस दिसतें. वयाच्या चाळिशीच्या आगेंमागें हा लवचीकपणा जाणवण्याइतका कमी होतो. म्हणूनच मराठींत त्या चष्म्याला ‘चाळिशी’ असें सार्थ नांव पडलें आहे. पुस्तक वाचण्याच्या अंतरासाठीं चष्म्याचा खालचा भाग आणि दूर पाहण्यासाठीं वरचा, अशी योजना असते. पण संगणकाचा पडदा वीतभर अंतरावर नसतो आणि कोसभर अंतरावरहि नसतो. तो नेमका या दोहोंच्या मध्यें येतो. मग वेग व उंची दाखविणारीं घड्याळें वाचण्यासाठीं हनुवटी वर करावयाची आणि धावपट्टी पाहण्यासाठीं मान खालीं घालावयाची, असा क्रम सुरू होतो. दारांतून पाहणाऱ्या नातवाला वाटतें, आजोबा उतरण्यापूर्वीं विमानाला नमस्कार घालीत आहेत.

हाताची कथाहि अशीच आहे. विमान वळविण्याच्या दांड्यांतील भाग झिजले, म्हणजे दांडा स्थिर असतांनाहि संगणकाकडे थरथरणारी सूचना जाते. त्यावर उपाय म्हणून मध्यबिंदूभोंवतींच्या बारीक हालचालींकडे यंत्रानें दुर्लक्ष करावें, अशी सोय केलेली असते. पण उतारवयांत हातालाहि कंप सुटतो. मग थरथर दांड्याची कीं हाताची, हा वाद उपस्थित होतो. एकानें नवा दांडा आणला तरी कंप कायम राहिला, तेव्हां आतां हात बदलून मिळतो काय याची चौकशी चालू असल्याचें तो मित्रांना गंभीरपणें कळवितो. मित्र तितक्याच गंभीरपणें उत्तर देतात कीं दुर्लक्षाचा पट्टा थोडा रुंद करावा; तो यंत्रांत करावा आणि जमल्यास घरांतहि करावा. सुनेच्या बोलण्यांतील प्रत्येक बारीक हालचालीची नोंद घेणाऱ्या सासऱ्याला हा सल्ला बहुमोल आहे.

या मंडळीचें एक मोठें जाळें २००१ सालापासून चालत आलें आहे. त्याचें नांव व्हॅटसिम. त्यांत देशोदेशींचे हौशी लोक आपापल्या घरून एकाच आकाशांत उडतात आणि त्यांच्यांतीलच कांहींजण विनावेतन नियंत्रक होऊन कोणी केव्हां उतरावें याच्या आज्ञा देतात. तेथील शिस्त खऱ्या विमानतळासारखी आहे. अर्ध्या तासाहून अधिक काळ जागा सोडून जाऊं नये, असा एक नियम आहे. तरुणाला तो नियम जाचत नाहीं. पण ज्याला रात्रीं तीनदां देहधर्मासाठीं उठावें लागतें, त्याला अटलांटिक महासागर ओलांडतांना हा नियम दीपस्तंभासारखा समोर दिसत राहतो. दुसऱ्या बाजूनें पाहतां, याच जाळ्यांत ज्याला ऐकूं येत नाहीं किंवा बोलतां येत नाहीं, त्यानें तशी खूण आपल्या उड्डाणाच्या अर्जांत केली, कीं नियंत्रक त्याच्याशीं लेखी मजकुरानें संभाषण करतो. कान मंद झाले म्हणून कोणालाहि आकाशांतून उतरावें लागत नाहीं. घरांतील जेवणाच्या पंगतींत मात्र बहिऱ्या आजोबांसाठीं इतकी साधी सोय अभावानेंच केलेली आढळते.

सर्वांत नाजूक प्रश्न स्मरणशक्तीचा. त्याचा उलगडा विमानविद्येनें फार पूर्वीं केलेला आहे. १९३५ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील राइट फील्ड येथें बोइंग कंपनीचें चार इंजिनांचें एक नवें विमान उड्डाण होतांच कोसळलें आणि दोघांचा अंत झाला. यंत्रांत दोष नव्हता. विमान जमिनीवर उभें असतांना शेपटीकडील पातीं वाऱ्यानें हलूं नयेत म्हणून घातलेली खीळ काढावयाची राहून गेली होती. आणि चालविणारे तर नामांकित, अनुभवी वैमानिक होते. या अपघातापासून वैमानिकांनीं घेतलेला धडा असा, कीं स्मरणशक्तीवर विसंबूं नये. कामांची यादी लिहून ठेवावी आणि प्रत्येक वेळीं ती वाचून एकेका कलमावर खूण करावी. आजहि हजारों तास उडालेला कप्तान ती यादी वाचल्यावांचून धावपट्टीवर जात नाहीं आणि त्याबद्दल कोणी त्याला विसरभोळा म्हणत नाहीं.

लुटुपुटीच्या वैमानिकालाहि हीच शिस्त लागते, आणि साठीनंतर ती त्याच्या संसारांत शिरते. गॅस बंद, दाराला कडी, सकाळची गोळी घेतली, चष्मा कपाळावर नसून नाकावर आहे, अशी यादी भिंतीवर लागते. इतरांच्या घरीं अशी यादी लागली, तर तें दुर्बळतेचें चिन्ह वाटतें. या मंडळीच्या घरीं तो वैमानिकाचा बाणा ठरतो. वस्तुस्थिति एकच, पण तिच्याकडे पाहण्याची रीत बदलली, कीं लाजेची जागा ऐट घेते.

या मंडळींत थट्टा इतकी सुखानें कां नांदते, याचें कारण आतां स्पष्ट होईल. येथें आपटलेलें विमान एक कळ दाबतांच पुन्हां धावपट्टीवर उभें राहतें. त्यामुळें प्रत्येकाच्या गांठीं फजितीचा मोठा साठा जमलेला असतो. चाकें बाहेर न काढतां उतरलेला, समुद्रावर डुलकी लागून इंधन संपलेला, भलत्याच विमानतळावर दिमाखानें उतरलेला, असा प्रत्येकजण असतोच. ज्याची फजिती झालेली नाहीं असा कोणी नसल्यामुळें दुसऱ्याच्या फजितीला हंसणाऱ्याच्या अंगीं श्रेष्ठपणा येत नाहीं. चाळीस वर्षें अशा चुका हंसून पचविण्याची संवय झालेल्या माणसाला गुडघे कुरकुरूं लागले, तर तोहि एक तांत्रिक बिघाड वाटतो. त्याचें वर्णन तो मित्रांना रसभरित करून सांगतो.

शिवाय येथें वयाचा दाखला कोणी मागत नाहीं. खऱ्या आकाशांत तसें नाहीं. आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानाच्या कप्तानासाठीं पूर्वीं साठ ही मर्यादा होती. २००६ सालीं ती पासष्टावर नेण्यांत आली. १९३२ सालीं कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरलेले जे. आर. डी. टाटा यांनीं १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, तोच प्रवास पुन्हां स्वतः विमान चालवून केला; पण अशी प्रकृति आणि अशी संधि विरळा. लुटुपुटीच्या आकाशांत निवृत्त कप्तान आणि निवृत्त कारकून शेजारीं शेजारीं उडतात. कप्तानाला गमावलेलें आकाश परत मिळतें आणि कारकुनाला कधींच न मिळालेलें आकाश प्रथम मिळतें.

परंतु थट्टेलाहि मर्यादा आहे, आणि ती ओळखण्यांतच या मैत्रीची खरी कसोटी लागते. चाकें काढण्यास विसरणें वेगळें. चाकें कशासाठीं असतात हेंच न उमगणें वेगळें. वर्षानुवर्षें नेटकेपणें उतरणारा एखादा मित्र ओळखीच्या मार्गावर वाट चुकूं लागतो, एकच हकीकत त्याच संध्याकाळीं तिसऱ्यांदां सांगतो, आणि आपल्या चुकीवर स्वतः हंसेनासा होतो, तेव्हां शहाणे सोबती विनोद आवरतात. घरचीं माणसें रोज पाहत असल्यामुळें जो बदल त्यांच्या ध्यानांत येत नाहीं, तो दर आठवड्यास बरोबर उडणाऱ्याला कित्येकदां आधीं जाणवतो. अशा वेळीं चारचौघांत बोभाटा न करतां त्याच्याशीं एकट्यानें बोलणें, प्रसंगीं त्याच्या मुलाच्या कानावर घालून डॉक्टरांकडे जाण्यास सुचविणें, हें मित्राचें कर्तव्य ठरतें. जो विनोद आजार झांकतो, तो विनोद नव्हे. तो केवळ भित्रेपणा होय.

मीग्ज फील्डचें पुढें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. २००३ सालच्या ३० मार्चच्या रात्रीं शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्या आज्ञेनें यंत्रें लावून ती धावपट्टी उखडण्यांत आली. तेथें आतां उद्यान आहे. तरीहि जुन्या आवृत्त्यांत ती जशीच्या तशी आहे, आणि नव्या आवृत्त्यांसाठीं हौशी लोकांनीं ती पुन्हां रचून ठेविली आहे. कोणी उत्साहानें तरुणपणींची पहिली धावपट्टी पाहावयास जातो. कोणी तेथें उतरून कांहीं वेळ नुसता उभा राहतो. ठरलेल्या संध्याकाळीं ज्याचा आवाज येत असे, तो एके दिवशीं येईनासा होतो. मग उरलेले त्याच्या आवडत्या मार्गावर एकत्र उडतात आणि त्याच्या अचाट फजित्या आठवून हंसतात. त्या हंसण्यांत दुःख नसतें असें नव्हे. पण ज्याच्या चुका इतक्या प्रेमानें आठवल्या जातात, त्याचें आयुष्य एकाकी गेलें असें कोण म्हणेल?

विमान हवें हा आग्रह नाहीं. बुद्धिबळाचा पट, भजनाची बैठक, बागेंतील बांक, यांपैकीं कांहींहि चालेल. आवश्यक आहे ती जागा, जेथें सर्वांच्या चुका सर्वांना ठाऊक असतात आणि तरीहि पुढच्या आठवड्यास येण्याचें आमंत्रण असतें. अशा मंडळींत बसणाऱ्याची बुद्धि साठीनंतर नाठी झालीच, तरी ती नाहींशी झाल्याची पहिली बातमी मित्रच देतात. त्या संध्याकाळीं महासागर सुखरूप ओलांडून आलेल्या गृहस्थांस मात्र अखेरचें आणि सर्वांत बिकट उड्डाण करावयाचें उरलेलें असतें, तें खुर्चींतून उठण्याचें. आणि दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून तेंहि ते हंसत हंसत पार पाडतात.