रंगातला दाणा आणि जांभ्याची धूळ

मॉडेल कारच्या रंगात बसलेला धुळीचा कण मोजायला गेलं तर जेमतेम 0.1 मिलिमीटर भरतो. पण गाडी 1:24 मापाची असेल, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात तो जवळजवळ अडीच मिलिमीटरचा होतो, म्हणजे बॉनेटवर मोहरीचा दाणा चिकटावा तसा! त्यात ओला रंग पृष्ठताणामुळे कणाच्या अंगावर चढतो आणि त्याच्याभोवती उतार तयार करतो. चकचकीत पृष्ठभाग एक अंश कलला की त्यावरून परतणारा किरण दोन अंश कलतो. म्हणून कण दिसला नाही तरी बॉनेटमधलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तेवढ्याच जागी वाकडं होतं आणि डोळा नेमका तिथेच अडतो. पेंटरच्या भाषेत, रंगात ‘दाणा’ आला.

रत्नागिरीत हा दाणा बहुधा तांबडा असतो. सडे, घाट्या, चिरेखाणी, सगळीकडे जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, आणि लोहाच्या ऑक्साइडने दगडाला हा रंग दिला. उन्हाळ्यात हीच धूळ घरात येते. प्लास्टिकची बॉडी कोरड्या फडक्याने पुसली की घर्षणाने तिच्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि ती धूळ ओढून घेते. पुसायला गेलो आणि जास्तच बसली, असं होतं ते यामुळे.

पावसाळ्यात धूळ उडत नाही, हवेतल्या ओलाव्याने विद्युतभारही लवकर निघून जातो. पण तेव्हा लॅकर मारायची सोय नाही. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. कोकणात रंगकामाला साधतो तो पाऊस सरल्यानंतरचा, हवा कोरडी पण धूळ अजून न उठलेली, असा थोडा काळ.

दाणा आलाच तर पहिला नियम, ओल्या रंगाला बोट लावायचं नाही. बोटाने कण निघत नाही, खड्डा मात्र पडतो. रंग पूर्ण वाळू द्यावा. नाकाजवळ धरून थिनरचा वास येत असेल, तर आतला थर अजून ओला आहे. इनॅमलला कित्येक दिवस लागतात. मग 2000 नंबरच्या वॉटर पेपरचा लहानसा तुकडा सपाट ठोकळ्याला लावायचा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि हलक्या हाताने फक्त उंचवटा घासायचा. नुसत्या बोटाने घासलं तर दाण्याभोवतीचा सपाट रंगही झिजतो. पाणी घासलेली भुकटी वाहून नेते. नाहीतर तिचे गोळे होऊन नवे ओरखडे काढतात. 3एम कंपनीने पाण्यात चालणारा घासकागद 1921 साली बाजारात आणला, तेव्हा मोटारींच्या रंगशाळांतली घासण्याची धूळही त्याने कमी केली.

आता गाडी मंद दिसते, कारण दाण्याच्या जागी हजारो बारीक ओरखडे आलेले असतात. 2000 नंबरवरचे कण साधारण 10 मायक्रॉनचे, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. ओरखडे त्याहून मोठे असेपर्यंत प्रकाश विखुरतो. आधी आणखी बारीक कागद, मग रबिंग कंपाउंड, मग पॉलिश, असं करत आपण मोठा ओरखडा काढून त्याजागी लहान ओरखडा ठेवत जातो. तो प्रकाशाच्या तरंगापेक्षा पुरता लहान झाला की चकाकी परत येते. ओरखडे संपलेले नसतात, प्रकाशाला ते जाणवेनासे झालेले असतात!

आणि खरी गंमत पुढे आहे. खिडकीच्या गजांना रंगाआधी देतात तो रेड ऑक्साइडचा हात म्हणजे लोहाचं ऑक्साइड. सोन्याचे दागिने आणि दुर्बिणीचे आरसे चमकवायला पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली लाल पूड, तीही लोहाचं ऑक्साइडच. जांभ्याच्या धुळीला तांबडा रंग देणारं द्रव्यही याच कुळातलं. फरक आहे तो कणांच्या मापाचा आणि शुद्धतेचा. धुळीत लहानमोठे, टणक, कसलेही कण मिसळलेले असतात, म्हणून ती ओरबाडते. एकसारखी बारीक दळलेली शुद्ध पूड मात्र तोच पृष्ठभाग आरशासारखा करते.

दोन पथ्यं पाळा. धारदार कडांवरून ओला रंग मागे सरतो, तिथला थर पातळ असतो; तिथे घासलं की प्रायमर उघडा पडतो. आणि मेटॅलिक रंग थेट घासू नका, त्यातल्या चकत्या खरवडल्या जाऊन डाग पडतो. वर पारदर्शक क्लिअरचे दोन-तीन हात द्या आणि घासायचं ते त्यातच घासा. दाणा आला म्हणून सगळा रंग उतरवायची गरज नसते. थांबायची तयारी, पाणी आणि हलका हात असला की बहुतेक दाणे निघतात.