स्थायी मुखत्यारपत्रातील संयुक्त मुखत्यार : अधिकार आणि मर्यादा

प्रस्तावना :
सर्वसाधारण मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता संपताच मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे आधाराची सर्वाधिक निकड असतानाच हे साधन निरुपयोगी ठरते. ही उणीव दूर करण्यासाठी इंग्लंड व वेल्समध्ये १९८५ च्या अधिनियमाने 'एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ अटर्नी', म्हणजेच स्थायी मुखत्यारपत्र, अस्तित्वात आणले. मानसिक क्षमता अधिनियम, २००५ अन्वये १ ऑक्टोबर २००७ पासून अशी नवी पत्रे करता येत नाहीत. तथापि, तत्पूर्वी विधिवत केलेली पत्रे आजही वैध आहेत. अशा पत्रात एकाहून अधिक मुखत्यार असल्यास त्यांनी अधिकार कसा वापरावयाचा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नियुक्तीचे प्रकार :
अनेक मुखत्यार 'संयुक्तपणे' किंवा 'संयुक्तपणे व पृथकपणे' अशा दोनच प्रकारे नेमता येतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक व्यवहारास सर्वांची संमती आवश्यक असते. तिघांपैकी दोघांचे बहुमत पुरेसे ठरत नाही. दुसऱ्या प्रकारात कोणीही एक मुखत्यार एकट्याने व्यवहार करू शकतो. दोन्ही प्रकारांत अधिकार मालमत्ता व आर्थिक बाबींपुरताच असतो. वैद्यकीय उपचारांचे निर्णय त्यात येत नाहीत. देणारा अक्षम होत असल्याचे दिसताच पत्राची नोंदणी करावी लागते. संयुक्त मुखत्यारांनी त्यासाठी एकत्रितपणे अर्ज करावयाचा असतो.

परिणामांतील भेद :
संयुक्त नियुक्तीत मुखत्यारांचा परस्परांवर अंकुश राहतो व गैरव्यवहारास आळा बसतो. परंतु त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला, तो दिवाळखोर झाला अथवा स्वतःच अक्षम झाला, तर संपूर्ण मुखत्यारपत्र संपुष्टात येते. समजा, मातेने दोन मुलांना संयुक्तपणे नेमले व एक निवर्तला. तर हयात मुलास एकट्याने तिचे बँक खातेही चालविता येत नाही. माता अक्षम असल्याने नवे पत्रही करू शकत नाही. मग 'कोर्ट ऑफ प्रोटेक्शन'कडे 'डेप्युटी' नेमण्यासाठी अर्ज करणे भाग पडते. पृथक अधिकारही दिलेला असल्यास उर्वरित मुखत्यार काम पुढे चालू ठेवतात.

निष्कर्ष :
संयुक्त नियुक्ती सुरक्षितता देते, पृथक अधिकार सातत्य देतो. ही निवड क्षमता असतानाच करावी लागते. नंतर ती सुधारता येत नाही. भारतात तर हा पर्यायच नाही. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारा मनोविकल झाल्यास अभिकरण समाप्त होते. वृद्ध पालकांच्या कुलमुखत्यारपत्रावर विसंबणाऱ्या कुटुंबांनी ही मर्यादा वेळीच ध्यानात घेणे अगत्याचे आहे.