लेकीचं एम.ई. : अर्ज उन्हाळ्यात, तयारी आदल्या पावसाळ्यात

गेल्या काही महिन्यांत रिसोड, मालेगाव आणि मानोरा तालुक्यांतल्या गटांच्या बैठकांत आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाला. पोरगी बी.ई. झाली किंवा होत आली, आता म्हणते एम.ई. करायचं. तर फॉर्म कुठं भरायचा, पैसे किती लागतात अन् लग्नाचं काय? लग्नाचं ज्याचं त्यानं पाहावं. पण फॉर्म आणि पैसे यांच्याबद्दल आज सविस्तर बोलू.

आम्ही गटांचं काम पाहणाऱ्या, बी.ए. झालेल्या बाया. इंजिनियरिंगचा अभ्यास आम्हाला कळत नाही आणि तो कळायची गरजही नाही, तो लेक करते. अर्ज म्हणजे मात्र दाखले, बँक खातं आणि तारखा. आणि या तीन गोष्टींत आपल्या गटांचा हात चांगला बसलेला आहे. कर्जाची फाईल पूर्ण करून घेणाऱ्या बाईला एम.ई.ची फाईल जड जाणार नाही.

आधी नावं समजून घेऊ. बी.ई. किंवा बी.टेक. ही चार वर्षांची पदवी. तिच्यानंतर दोन वर्षांचं एम.ई. किंवा एम.टेक. कुठं एक नाव असतं, कुठं दुसरं, दर्जा सारखाच. ही पदवी लागते कुठं? इंजिनियरिंग कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम.ई. किंवा एम.टेक. लागतंच. मोठ्या पुलांचं, विजेच्या यंत्रणांचं, मशीनच्या रचनेचं डिझाईन करणाऱ्या कंपन्याही ती मागतात. मात्र नोकरी मिळत नाही म्हणून दोन वर्षं काढायला एम.ई. करायचं, हे आम्हाला पटत नाही. ज्या विषयात लेकीला आणखी शिकायचंय तो विषय तिला नावानिशी सांगता आला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. एम.ई.ला प्रवेश मिळणं हल्ली फारसं अवघड नाही. अनेक खासगी कॉलेजांत या कोर्सच्या जागा रिकाम्या राहतात. म्हणून तर एजंट घरी फोन करतात, ‘सीट बुक करून ठेवा, नंतर मिळणार नाही’ म्हणतात. अशा माणसाला एक रुपयाही देऊ नका. अवघड आहे ते चांगल्या कॉलेजात आणि आपल्या पदरचा पैसा न घालता प्रवेश मिळवणं. त्याची किल्ली एका परीक्षेत आहे. तिचं नाव गेट.

गेट ही देशभर एकच परीक्षा असते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आयआयटी मिळून ती आळीपाळीने घेतात. त्यात मुंबईची आयआयटीही आहे. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, सगळं संगणकावर. स्वतःचं कॅल्क्युलेटर नेता येत नाही, ते पडद्यावरच दिलेलं असतं, म्हणून त्याचा सराव आधी करावा लागतो. शंभरपैकी १५ गुण साध्या गणिताला, तर्काला आणि इंग्रजीला. बाकीचे तिच्या विषयाला. पर्यायांतून एकच उत्तर निवडायच्या प्रश्नांत उत्तर चुकलं तर गुण कापले जातात. खुल्या गटाला पात्र ठरायला किमान २५ गुण तरी लागतातच, विषय आणि वर्षाप्रमाणे जास्तही लागतात. ओबीसी आणि आर्थिक दुर्बल गटाला खुल्या गटाच्या नव्वद टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना दोन तृतीयांश गुण पुरतात. मुलींना, मग त्या कोणत्याही जातीच्या असोत, परीक्षेची फी निम्मी आहे. एकदा मिळालेला स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. आणि बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगीही ही परीक्षा देऊ शकते.

गेटमध्ये पात्र ठरून मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्णवेळ एम.ई. घेतलं, तर केंद्राकडून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, जास्तीत जास्त २४ महिने. बैठकीत आम्ही हा हिशेब फळ्यावर मांडतो. १२,४०० गुणिले २४ म्हणजे २,९७,६०० रुपये. गेटशिवाय त्याच वर्गात, त्याच बाकावर बसलेल्या मुलीला हे पैसे नाहीत. एका ताईंनी लगेच विचारलं, ‘म्हणजे पोरगी शिकते अन् सरकार तिले पगार देते?’ पगार नव्हे, पण खोलीभाडं आणि मेस त्यातून भागवता येतं. याबरोबर दुसरीकडून पगार किंवा दुसरं विद्यावेतन घेता येत नाही.

मग लोक चुकतात कुठं? तारखेत. एम.ई.चा राज्याचा प्रवेश अर्ज साधारण उन्हाळ्याच्या शेवटी निघतो, म्हणून घरचे जूनमध्ये चौकशीला लागतात. पण गेटचा फॉर्म त्याच्या आदल्या वर्षीच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरला जातो. परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आपल्याकडं सोयाबीन शेंगांवर आलेलं असतं, फवारणी चाललेली असते, हातात पैसा नसतो. त्या धावपळीत हजार-पाचशेचा फॉर्म राहून जातो आणि पुढे दोन वर्षांचे जवळजवळ तीन लाख जातात. गटाच्या अंतर्गत कर्जातून एवढी रक्कम सहज निघते. दोन-तीन गटांनी पोळ्याच्या महिन्यातल्या बैठकीत ‘कोणाची पोरगी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला आहे’ हा विषयच घ्यायचं ठरवलंय. आम्हाला ते फार आवडलं.

निकालानंतर रस्ते फुटतात. आयआयटीत जायचं तर प्रत्येक आयआयटीचा अर्ज वेगळा, तो बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये. नागपूरची व्हीएनआयटी आणि तिच्यासारख्या इतर राष्ट्रीय संस्थांसाठी सीसीएमटी नावाची एकत्र प्रक्रिया. आणि आपल्या राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलचे कॅप राउंड. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय ही सगळ्यांच्या ओळखीची नावं. कॅपमध्ये आधी गेटवाल्यांची यादी लागते. उरलेल्या जागा पदवीच्या गुणांवर भरतात. पदवीला किमान ५० टक्के हवेत, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५. नोंदणी, कागद तपासणी, तात्पुरती यादी, हरकती, पक्की यादी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम, असा क्रम असतो. तात्पुरत्या यादीत लेकीचं नाव, जात, गुण नीट आहेत का हे त्याच दिवशी पाहा. हरकतीला दोन-तीन दिवसच असतात, नंतर कोणी ऐकत नाही. पसंतीक्रम मात्र लेकीनं स्वतः भरावा. नेट कॅफेवाल्या भाऊच्या सोयीनं कॉलेजांची नावं खाली-वर झालेली आम्ही पाहिली आहेत.

आता दाखले. इथं आपण थोडं थांबू, कारण आमच्या अनुभवात बहुतेक अर्ज इथंच अडकतात.

दहावी-बारावी किंवा डिप्लोमाच्या मार्कशीट, बी.ई.च्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी किंवा तिचं तात्पुरतं प्रमाणपत्र, टीसी, अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, एवढं घरात किंवा सेतूत मिळून जातं. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता या तिघांना वेळ लागतो. नॉन-क्रिमिलेअर अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. इतरांचा मात्र मुदतीतला असला पाहिजे, चार वर्षांपूर्वी बी.ई.ला काढलेला चालत नाही. वैधता बी.ई.ला काढली असेल तर तीच पुढेही चालते. नसेल काढली तर आजच कामाला लागा. तिच्यासाठी जुना पुरावा हवा असतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरचा उतारा. नसतील गेले तर कोतवाल बुकाची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदावर ‘जि. अकोला’ दिसलं म्हणून घाबरू नका.

मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या ताईंनी पुढचं नीट ऐकावं. आपल्या राज्यात बंजारा समाज विमुक्त जाती, म्हणजे व्हीजे-ए मध्ये येतो. केंद्राच्या यादीत मात्र तो ओबीसीत आहे. म्हणून कॅपच्या अर्जात व्हीजे लिहायचं, आणि गेट, व्हीएनआयटी, आयआयटी यांच्या अर्जात ओबीसी. राज्याचा व्हीजेचा दाखला तिथं जोडला तर तो नाकारला जातो. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रिमिलेअर दाखला वेगळा काढावा लागतो. धनगर आणि वंजारी घरांनाही हेच लागू. सेतूत गेल्यावर ‘केंद्र शासनाच्या नमुन्यात पाहिजे’ हे शब्द उच्चारून सांगा, नाहीतर हातात नेहमीचाच कागद ठेवला जातो.

बँक खात्याचंही तसंच. लाडकी बहीण योजनेच्या वेळी आधार जोडणीचा काय घोळ झाला होता तो आठवतोय ना? विद्यावेतनाला लेकीच्या एकटीच्या नावाचं, आधार जोडलेलं साधं बचत खातं लागतं. जनधन किंवा आईबरोबरचं जोडखातं चालत नाही. प्रवेश झाल्यावर विद्यावेतनाची नोंदणी कॉलेजमार्फत करावी लागते, ती आपोआप होत नाही.

गेट झालं नाही, तरीही शिकायचंय, अशा मुलींसाठी फीचं पाहू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली. अट अशी की प्रवेश सरकारी प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली, आणि एजंट विकतो ती सीट बहुतेक त्याच कोट्यातली असते. मेस, वसतिगृह, इतर शुल्क हे या सवलतीत नाही. पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जा, ‘या कोर्सला ही सवलत किती आणि वरून आम्ही भरायचे किती’ असं विचारा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. त्याच फेरीत आणखी एक प्रश्न विचारायचा: या शाखेत मागच्या वर्षी एम.ई.ला प्रत्यक्ष किती मुलं होती? दोन-तीनच असतील तर तिथं शिकवणं कसं होत असेल याचा अंदाज आपल्यालाही येतो. लेकीला घेऊन प्रयोगशाळा बघून या. कुलूप लावलेलं असेल तर परत फिरा.

‘बी.ई. झाली हे काय कमी आहे, बाईमाणसाला एम.ई. कशाला?’ असं आजही बैठकीत कोणीतरी म्हणतंच. त्यांना आम्ही शकुंतला भगत यांचं सांगतो. माहेरच्या जोशी, वडील पूल बांधणारे इंजिनियर. १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून त्या सिव्हिल इंजिनियर झाल्या, त्या शाखेतल्या देशातल्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक. त्या तिथं थांबल्या नाहीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली, परत येऊन मुंबईच्या आयआयटीत शिकवलं. पुढं १९७० मध्ये नवऱ्याबरोबर क्वाड्रिकॉन नावाची कंपनी काढली. त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे: पुलाचे लोखंडी भाग ठरावीक मापाचे तयार करायचे, जागेवर नेऊन जोडायचे, जसा पूल हवा तसे कमी-जास्त लावायचे. मोठी यंत्रं जिथं पोचत नाहीत अशा डोंगरात हे फार उपयोगी. १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पीतीत त्यांनी असा पूल उभा केला. आता आपल्या कारंजा-मालेगावातून समृद्धी महामार्ग जातो, त्यावरचे पूल आपण येता-जाता बघतो. त्यांचं डिझाईन कोणाच्या तरी लेकीनं केलेलं असू शकतं, एवढंच आमचं म्हणणं.

परदेशातल्या एम.एस.बद्दल थोडक्यात. तिकडे गेटऐवजी इंग्रजीची परीक्षा, बऱ्याच ठिकाणी जीआरई, शिक्षकांची दोन-तीन शिफारसपत्रं आणि स्वतःबद्दलचं निवेदन मागतात. खर्च लाखांत नाही, दहा-दहा लाखांत मोजावा लागतो. अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी समाज कल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची जाहिरात दरवर्षी निघते. शिष्यवृत्तीशिवाय, शेत गहाण टाकून जाण्याचा सल्ला आम्ही कोणाला देत नाही.

राहिलेला एक प्रश्न कारंज्याच्या एका ताईंचा. बी.ई. झालेल्या मुलीचं लग्न झालंय, सासरचे म्हणतात शीक, तर कागद कोणाचे लावायचे? जात माहेरचीच राहते, नॉन-क्रिमिलेअरलाही आई-वडिलांचंच उत्पन्न धरतात, नवऱ्याचं नाही. नाव मात्र सगळीकडं दहावीच्या मार्कशीटवर आहे तेच लिहावं. आधारवर सासरचं नाव लावून झालं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेल, आणि राजपत्रात नावबदल केलेला असेल तर त्याची प्रत. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीतच होते. ती अजून केली नसेल तर गेटचा फॉर्म निघण्याआधी, याच पावसाळ्यात करून घ्या.