तीन चमचे गाळ, 537 रोपे

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या एखाद्या बोडीत, म्हणजे लहान तलावात, ऐन उन्हाळ्यात उतरलात, तर भेगाळलेल्या काळ्या गाळाशिवाय काही दिसत नाही. पाऊस लागला, पाणी साचले की त्याच गाळातून पाणवनस्पती वर येतात. बी कोणी पेरलेले नसते. ते गाळातच पडून असते.

किती? चार्ल्स डार्विनने हे मोजले होते. एका लहानशा तळ्याच्या काठाशी, पाण्याखालून, तीन ठिकाणचा मिळून तीन मोठे चमचे चिखल त्याने घेतला. वाळल्यावर त्याचे वजन भरले जेमतेम 191 ग्रॅम. तो सहा महिने अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि उगवेल ते रोप उपटून मोजत गेला. एका कपात मावणाऱ्या त्या चिखलातून 537 रोपे निघाली.

हाच हिशेब आपल्याकडे लावून पाहा. किलोला 2,800 रोपे. तीन टन कोरड्या गाळाच्या एका ट्रॉलीत 84 लाख! एक हेक्टरच्या बोडीतला वरचा फक्त एक सेंटीमीटर थर धरला, तर गाळ होतो सुमारे 100 टन आणि रोपे 28 कोटी. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. काठापेक्षा मध्यावर बी कमी असते, प्रत्येक तलावाचा गाळही वेगळा. म्हणून दहावा हिस्साच धरू. तरी 2 कोटी 80 लाख उरतात. आणि गोंदिया जिल्ह्यात नुसते मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलावच, चौदाशेच्या घरात आहेत.

म्हणूनच सरसकट गाळ उपसायला यंत्र उतरले की जीव कासावीस होतो. गाळ काढायलाच हवा, शेताला तो सोन्यासारखा आहे. पण काठाचा एखादा पट्टा तरी न खरवडता सोडावा. एकदा देशी वनस्पती गेल्या की त्या परत आणणे किती कष्टाचे असते, ते इथल्या ढिवर समाजातल्या, मासेमार बायकांना विचारा. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने त्यांनी तलावांत माजलेले बेशरम नावाचे तण उपटले, तळ नांगरला आणि माशांना आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती हाताने लावल्या.

बी किती काळ तग धरते, हा आकडा तर याहून थक्क करणारा आहे. चीनमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्यातले कमळाचे बी शास्त्रज्ञांनी रुजवले. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बियाचे वय निघाले 1,288 वर्षे, सुमारे 270 वर्षे इकडेतिकडे. म्हणजे वेरूळचे कैलास लेणे खोदले गेले, त्याच्या आगेमागे ते चिखलात पडले असावे. कमळाच्या बियाचे कवच इतके टणक की पाणी आत शिरतच नाही. घरी रुजवायचे तर एका बाजूने दगडावर घासायचे, आतला पांढुरका गर दिसू लागला की थांबायचे आणि पाण्यात टाकायचे. पाणी रोज बदलायचे.

शिंगाड्याचे उलटे. अमेरिकेत तण म्हणून माजलेल्या त्याच्या जातभाईच्या एका बियापासून हंगामात तीनशेपर्यंत फळे धरतात. सगळी रुजली तर तिसऱ्या वर्षी आकडा 2 कोटी 70 लाखांवर जाईल. पण हे बी वाळले की मेले. त्यामुळे बियाण्याचे शिंगाडे पाण्यातच राखावे लागतात.