अंगणातलं तळं आणि अभावाचा हिशेब

आयुष्यभर मी तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज बोलणार आहे कोई माशांच्या तळ्यात वनस्पती कशा लावाव्यात यावर. हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही, नुकसान करून शिकलो. ते नुकसान आधी सांगतो.

शहाद्याला माझ्या घरामागे छोटं तळं आहे. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, साडेतीन फूट खोल. म्हणजे सुमारे ८,००० लिटर पाणी. त्यात सात कोई होते. तोरणमाळचा कमळ तलाव पाहून आल्यापासून मला वाटायचं, आपलं तळंही असं हिरवंगार दिसावं. फेब्रुवारीत ओळखीतल्या एकाने जलपर्णीची चार रोपं दिली. मे महिन्यात पाणी दिसेनासं झालं. येणारा-जाणारा म्हणायचा, वा सर, काय सुंदर! आणि एका पहाटे पाहतो तर पाच मासे उलटे तरंगत होते. उरलेले दोन पानांच्या फटीत तोंड वर काढून हवा गिळत होते.

मला कळेना. झाडं तर प्राणवायू देतात ना?

देतात, पण कुठे देतात, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. जलपर्णी किंवा कमळ यांची पानं हवेत असतात, त्यामुळे त्यांचा बहुतेक प्राणवायू हवेत जातो. पाण्याला मिळतो तो प्रामुख्याने पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिलासारख्या वनस्पतींचा, आणि तोही उजेड असेपर्यंत. रात्री प्रत्येक वनस्पती श्वास घेते, म्हणजे माशांसारखीच तीही वाटेकरी होते. त्यात आपला खान्देशातला उन्हाळा. २० अंशांच्या पाण्यात एका लिटरला जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास. वर जलपर्णीची गोधडी अंथरलेली, म्हणजे हवेचा पाण्याशी स्पर्शही तुटलेला. पहाटेपर्यंत शिल्लक संपते. म्हणून अशा तळ्यातले मासे बहुधा पहाटे मरतात.

मग वनस्पती लावूच नयेत का? लावाव्यात. पण कशासाठी, ते समजून.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो त्यांना विषारी असतो. पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका जास्त. तळ्यातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट तुलनेने सौम्य, पण ते साठत जातं आणि त्यावर हिरवं शेवाळ माजतं. इथे वनस्पती कामाला येते. ती अमोनिया आणि नायट्रेट शोषून पानं वाढवते, शिवाय सावली धरते.

आता माझ्या विषयाकडे क्षणभर येतो. वैशेषिक परंपरेत पुढच्या काळात ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला गेला. जमिनीवर घडा नाही, हे ‘नसणं’सुद्धा ज्ञानाचा विषय आहे, असं ते म्हणतात. वर्गात हे शिकवताना मुलं हसायची. तळ्याने मला त्याचा अर्थ दाखवला. वनस्पती लावून आपण तळ्यात भर घालतो असं वाटतं. खरं तर आपल्याला हवा असतो अभाव. अमोनियाचा, शेवाळाचा, दुपारच्या उन्हाचा. आणि हा अभाव नुसत्या लावण्याने होत नाही. पानात गेलेलं नायट्रेट पान तळ्यातच कुजलं की पुन्हा पाण्यात येतं. ते तळ्याबाहेर जातं कधी? तुम्ही पान कापून बाहेर काढता तेव्हा. रोपाचं अर्धं काम कात्री करते.

आता व्यवहाराचं बोलू. कोई म्हणजे सायप्रिनसच. आपल्या बाजारात येतो तोच मासा. जपानच्या निगाता भागातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात त्यातून रंगीत वाण निवडून वाढवले. रंग बदलला तरी स्वभाव तोच. तळ उकरायचा, कोवळी मुळं खायची. म्हणून कमळ रुंद कुंडीत लावा आणि मातीवर मुठीएवढे गोटे दाटीने रचा. कुंडीत शेणखत घालू नका, ते पाण्यात उतरून अमोनियाच वाढवतं. कमळाला रोज सहा तास ऊन आणि संथ पाणी लागतं. कारंज्याशेजारी ते रुसतं.

त्याहून सोपी युक्ती म्हणजे तळ्याच्या काठावर खडीची वेगळी टाकी करा. पंपाने तळ्याचं पाणी तीत सोडा आणि ते परत तळ्यात पडू द्या. त्या खडीत कर्दळ, अळू, वेखंड लावा. माशांचं तोंड तिथे पोहोचत नाही, मुळं पाणी गाळतात, आणि पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते. मात्र पंप रात्री बंद करू नका. वीज जाते तेव्हाची सोय आधी करून ठेवा.

नवं रोप थेट तळ्यात टाकू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुवा, मग दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. गोगलगायी आणि माशांचे परजीवी रोपासोबतच येतात. आणि निम्म्याहून जास्त पाणी कधी झाकू देऊ नका.

शेवटची गोष्ट सांगायला मला लाज वाटते. मासे गेल्यावर रागाच्या भरात मी सगळी जलपर्णी उपसली आणि मागच्या नाल्यात टाकून दिली. रात्री झोप लागेना. नाला गोमाईला मिळतो, गोमाई प्रकाशाला तापीत, तापी पुढे उकाईच्या जलाशयात. तिथल्या पाण्यावर मासेमारी करून पोट भरणारी माणसं आहेत. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या या वनस्पतीने बंगालचे जलमार्ग असे तुंबवले की १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. पावसाळा तोंडावर होता. सकाळी दोन माणसं घेऊन नाल्यात उतरलो, एकेक रोप वेचलं, गच्चीवर कडक उन्हात वाळवलं आणि मग खतात घातलं. सगळं वेचलं गेलं असेल, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. दर पावसाळ्यानंतर त्या नाल्याकाठी एक चक्कर मारतो.

तेव्हा मंडळी, रोप आणण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हे कापणार कोण, आणि कापलेलं जाणार कुठे? उत्तरं असतील तर खुशाल लावा. माझ्या तळ्यात आता कर्दळ आहे, कमळाची एकच कुंडी आहे, आणि ते दोन मासे अजून आहेत.

आता प्रश्न घेऊ या.